मध्यंतरात उठणारी माणसं

“बाहेर काय सांगी ऱ्हायना तू लोकेसले?” रिषभशेठनी नवलसिंगला दाराशीच अडवलं.

शेठच्या शहाद्यातल्या थिएटरात नवलसिंग डोअरकीपर होता. तिकीट फाडायचं, टॉर्चनं खुर्ची दाखवायची, पडदा ओढून बाहेर स्टुलावर बसायचं. सिनेमा बघायची गोडी त्याला कधी लागलीच नव्हती. पण उडणाऱ्या हिरोचा हा महागडा सिनेमा लागल्यापासून लोक मध्यंतरात भेळ खायला म्हणून बाहेर पडत आणि थेट घर गाठत. शेठचा संशय फिरत फिरत नवलसिंगवर येऊन थांबला होता.

“मी काय सांगू, शेठ? मी तं पिच्चर देखेलच नही.”

“मंग आज देख. मन्हा बाजूले बस.”

आत शेठ पडद्यापेक्षा नवलसिंगच्या तोंडाकडेच जास्त बघत होते. पडद्यावर धरण फुटलं. अख्खं गाव पाण्याखाली गेलं. हिरो वर हवेत छाती काढून उभा राहिला, ढोल वाजले, आणि लगेच तो हिरॉइनबरोबर बर्फात नाचू लागला. मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. नवलसिंग मात्र खुर्चीच्या कडेवर सरकून बसला होता.

मध्यंतर झालं. लोक उठले.

“बोल, काय कमी शे यामा?”

नवलसिंगचं नर्मदाकाठचं गाव धरणात गेलं, हे शेठना ठाऊक होतं. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

“आमनं गाव बुडनं तैं मन्ही मायनी घरना दरवाजा काढी लिधा,” तो म्हणाला. “डोकावर ठेईसन टेकडी चढनी. आठे कोनी काहीच उचलं नही. कोनी कोनले हाकबी नही मारी. मंग तो उडणारा वाचाडस कोनले?”

शेठचे डोळे बारीक झाले. “हाईच सांगस ना तू बाहेर?”

“नही शेठ. आजच बोलनू. तुमीनच इचारं.”

दुसऱ्या दिवसापासून दारावर शेठ स्वतः उभे राहिले. नवलसिंगला त्यांनी थिएटरसमोरच्या गाड्यांच्या स्टँडवर धाडलं. उठणारे लोक मध्यंतरात उठतच राहिले. शेठ पायऱ्यांवरून त्याच्यावर नजर ठेवून असत. नवलसिंग कुणाशी एक शब्द बोलत नव्हता. येणारी प्रत्येक मोटारसायकल तो तिथल्या तिथे वळवायचा आणि रस्त्याकडे तोंड करून लावायचा.