उन्हाला वळवणारं कापड

मित्रांनो, मी एक जुना रिफ्लेक्टर आहे. नाव भारदस्त आहे, पण अंगात फारसं काही नाही. चार हलक्या लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर ताणलेलं सुती कापड, एवढाच मी. उघड्यावर फोटो काढताना ऊन माणसाच्या पाठीशी असलं की चेहरा सावलीत जातो. तेव्हा मला समोर धरतात. माझ्यावर पडलेलं ऊन मी त्या चेहऱ्याकडे परत पाठवतो. मला वायर नाही, बटण नाही. तरी अठरा वर्षं मी कामावर आहे, आणि हे सांगताना माझी चौकट जरा ताठ होते.

मला एका शिंप्याने शिवलं. त्याची सून फोटोग्राफर. नव्याने घरात आली तेव्हा तिच्याकडे कॅमेरा होता, रिफ्लेक्टर नव्हता. सासऱ्यांनी एक पांढरी चादर दुहेरी केली, कडेने नाडी ओवली आणि चौकटीवर अशी ताणली की टिचकी मारली तर ढब् आवाज यावा.

"सूनबाई, हे तुझ्या कॅमेऱ्याच्या आधी फाटलं तर मी दुकान बंद करीन," ते म्हणाले.

त्यानंतर तीन कॅमेरे झाले. मी तोच आहे.

पुढे त्यांना सुईत दोरा ओवता येईना. दुकान सुटलं, पण घरी बसणारा हा माणूस नव्हे. मला धरायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. जवळचं दिसत नसलं तरी दहा पावलांवरच्या माणसाच्या नाकाखालची सावली लांबली की त्यांना लगेच कळे. मग मनगट इतकंसं वळायचं आणि सावली मऊ व्हायची. त्या हातांची सर कुठल्याही स्टँडला आली नाही.

उन्हात राहून राहून मी पिवळा पडलो, दुधावरच्या सायीसारखा. मला वाटलं, संपलं आपलं. पण फोटोग्राफर बाईने एके दिवशी फोटो निरखले आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, याच्या उजेडात माणसं जिवंत दिसायला लागली. आता याला धुवायचं नाही हं." तेव्हापासून मला फक्त झटकत. माझा पिवळेपणा ही माझी कमाई होती.

आता त्या दिवसाचं सांगतो.

एक मॉडेल आली होती. गडद सावळी, उंच, बोलायला मोकळी. एका कपड्यांच्या कंपनीला जाहिरातीसाठी तिचा चेहरा हवा होता. पण आधीच्या स्टुडिओने तिला न विचारता फोटोत उजळ केलं. कंपनीतल्या लोकांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि म्हणाले, "ही बाई कोण आणि तुम्ही कोण?" शेवटची संधी म्हणून त्यांनी सांगितलं होतं, की संध्याकाळी सहापर्यंत उघड्यावरच्या उजेडातला फोटो पाठवा, रंगात काडीचाही फेरफार नको.

"मी काळी आहे, तशीच दिसू दे," ती म्हणाली. "गेली सात वर्षं लोक मला धुऊन काढताहेत."

धुण्याचा विषय निघाला आणि मी चौकटीतच आक्रसलो. कारण आदल्याच दिवशी घरच्या आईंनी, म्हणजे फोटोग्राफर बाईच्या सासूबाईंनी, मला चौकटीवरून उतरवून साबणात भिजवलं होतं, खसाखसा घासलं होतं आणि वर भरपूर नीळ घालून, वाळवून पुन्हा चौकटीवर चढवलं होतं. हेतू चांगला होता. परक्या पोरीसमोर घराची अब्रू राहावी, एवढंच.

तळ्याकाठच्या बागेत मॉडेल उभी राहिली, पाठीशी उतरतं ऊन. बाबांनी मला उचललं. फोटोग्राफर बाईने दोन फोटो काढले आणि कॅमेरा खाली केला.

"बाबा, हिचा गाल राखेसारखा का दिसतोय?"

बाबांनी मला डोळ्यांपासून हातभर लांब धरून पाहिलं. "अगं, ह्याला धुतलंय कुणीतरी! निळंशार केलंय."

डब्यात खाणं घेऊन आलेल्या आई बाकावर बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या. "मग काय ते मळकं फडकं धरणार होता? लाज वाटली मला!"

"चाळीस वर्षं शिंप्याच्या घरात काढलीस, कापडाचा रंग हातचा घालवू नये एवढं कळू नये?"

"आणि तुम्ही चाळीस वर्षांत एकदा तरी सांगितलंत का कुठलं धुवायचं नि कुठलं नाही?"

"आई, बाबा, नंतर भांडा," फोटोग्राफर बाई म्हणाली. "ऊन तासाभराचं आहे. दुसरं कापड आणायला घरी जाऊन यायचं तर तेवढाच वेळ लागेल."

मॉडेलने घड्याळ पाहिलं. माझ्या आयुष्यात तेवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेव्हा बाबा म्हणाले, "जुन्या कोटाला नवं ठिगळ लावायचं असलं की आम्ही ते आधी चहाच्या पाण्यात बुडवायचो. ठिगळ ओळखू येत नसे."

बागेच्या दाराशी चहाची टपरी होती. आई पदर खोचून निघाल्याच. टपरीवाल्याकडचा दिवसभराचा चोथा त्यांनी मोठ्या पातेल्यात पुन्हा उकळायला लावला. दूध नाही, साखर नाही.

"आजी, एवढा चहा कोण पिणार?" त्याने विचारलं.

"चादर," आई म्हणाल्या.

नाडी सुटली, मी त्या कढत पाण्यात गेलो. नीळ सुटत गेली, चहा चढत गेला. आईंनी मला पिळलं, बाबांनी ओलंच चौकटीवर ताणलं. कुठे गडद, कुठे फिका, मधोमध एक मोठा डाग. ध्यान दिसत होतो! पण ऊन माझ्यावर पडलं आणि मी ते वळवलं, तेव्हा त्यात एकही डाग नव्हता. मॉडेलच्या गालावर ऊब चढली. रंग तिचाच राहिला, गडद आणि तुकतुकीत. बाबांनी मनगट इतकंसं वळवलं.

"हं," फोटोग्राफर बाई म्हणाली आणि फोटो काढायची थांबेचना.

सहाला दहा मिनिटं असताना फोटो गेला. कंपनीचं उत्तर यायचं होतं. तोवर मॉडेलने तोच फोटो आपल्या आईला पाठवला. लगेच फोन आला. तो तिने सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"अगं, कुठे उभी आहेस तू? ऊन किती आहे तिथे! डोक्याला काही बांध आधी!"

मॉडेल हसत सुटली. "सात वर्षांत पहिल्यांदा हिने फोटोतल्या मला ओळखलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने कंपनीचा होकार आला, तेव्हा बाबांनी माझ्यावर एक टिचकी मारली.

मित्रांनो, तो फोटो पुढे दुकानादुकानांच्या काचांवर माणसाहून मोठा लागला. त्यात मी कुठेच नाही. पण तिच्या डोळ्यांत नीट पाहा, एक इवलासा उजळ चौकोन दिसेल. तो मी आहे.

तुमच्याही घरात काही जुन्या, रंग उतरलेल्या वस्तू असतील. त्यांची काळजी जरूर घ्या. फक्त हात लावण्याआधी, त्या रोज वापरणाऱ्याला एकदा विचारा. आणि तुम्ही वापरणारे असाल, तर कुणी विचारण्याआधीच सांगून ठेवा. आमच्या घरात आता आईंनी ओवून दिलेल्या दोऱ्याने बाबांनी माझ्या कडेला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी शिवली आहे: "हे मळलेलं नाही."