व्हॉल्व्हवरची वीट

वनिता चेन्नईहून चार दिवसांसाठी गावी, शेलारला आली, तेव्हा तिच्या बॅगेत आईसाठी साडी होती आणि बापासाठी एक कागद. खोल समुद्रात उतरणाऱ्या तीन माणसांच्या पाणबुडीवर ती इंजिनिअर होती आणि पुढच्या महिन्यातल्या पहिल्या फेरीत तिचाच नंबर लागला होता. जाणाऱ्याच्या घरच्यांना सगळे धोके समजावून सांगायचे आणि तशी त्यांची सही आणायची, असा ऑफिसचा नियम.

बापानं, वाल्मीकनं, कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि टीव्हीखाली सारून दिला. सही मात्र करेना. तीन दिवस त्यानं पोरीचं डोकं खाल्लं. अटलांटिकमध्ये पर्यटकांना घेऊन गेलेली ती पाणबुडी दाबानं चिरडली, तेव्हापासून गड्यानं मोबाइलवरचा तिच्याबद्दलचा एकही व्हिडिओ सोडला नव्हता. त्यात बत्तीस वर्षं सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, बॉयलर सांभाळलेला. दाबाच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्याचं ठाम मत होतं. पत्रा किती जाड, वेल्डिंग कोणी केलं, ते कोणी तपासलं, खाली जेवढा दाब येणार त्याहून किती जास्त देऊन पाहिला, सगळं विचारून झालं.

वनिता भाकरी मोडता मोडता सांगत राही. बॉयलरमध्ये दाब आतून बाहेर ढकलतो, इथे बाहेरून आत. माणसं बसतात तो गोळा टायटॅनियमचा आहे, पण दर फेरीला धातू थोडा थोडा थकतो. शिवाय मच्छीमारांच्या जाळ्यात अडकायची भीती, बॅटरी पेटायची भीती, वर येण्यासाठी सोडायची वजनं सुटलीच नाहीत तर हवा संपायची भीती. तिनं काही लपवलं नाही. जेवताना तरी दुसरं बोला, असं आई, शेवंता, म्हणायची, पण तीही कान देऊन ऐकायची.

उत्तरं सगळी बरोबर होती आणि तरी वाल्मीकचा जीव थाऱ्यावर नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी शेवंता मानकोलीला बहिणीकडे गेली, तसं त्यानं लेकीला जवळ बसवलं. "तुला एक सांगायचं हाय. तुझ्या आईलाबी ठाऊक न्हाय."

तेव्हा वनिता सहा वर्षांची होती. दिवाळीची घाई, लूमवाले सुतासाठी अडून बसलेले, आणि बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडत होता. दाब वाढला की वाफ सोडायची, हेच त्याचं काम. पण वाफ गेली की सगळं खोळंबायचं. शेठ म्हणाला, काहीतरी कर. वाल्मीकनं व्हॉल्व्हच्या दांड्याला तारेनं एक वीट टांगली आणि तिच्या वजनानं व्हॉल्व्ह गप्प झाला. एक दिवस गेला, दोन गेले, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तर आपण वीट टांगलीय, हेच तो विसरून गेला.

"तू डबा घेऊन आलीस. गारवा होता, म्हणून बॉयलरजवळ उबेला बसलीस आन् पाटीवर गिरवाया लागलीस. तवा माझं ध्यान वर त्या विटंकडं गेलं. मी दारू प्यायचो न्हाय, ड्युटीवर झोपायचो न्हाय. समदे म्हणायचे, वाल्मीक लय सांभाळून काम करतो. त्या माणसानं वीट टांगली, पोरी. मंग तिकडं कोण टांगील, ते मला कसं कळंल?"

लेकीच्या नजरेतून उतरायची तयारी करूनच वाल्मीक बसला होता. पण तिनं त्याचा हात धरला.

"बाबा," ती म्हणाली, "मी टांगलीय."

गोळ्याच्या झाकणाजवळच्या, धातूवरचा ताण मोजणाऱ्या एका सेन्सरचा आकडा दर चाचणीला थोडा वर सरकत होता. बाकी सगळे आकडे जागच्या जागी. सेन्सरच बिघडला असणार, असं सगळे म्हणाले. तो बदलून पुन्हा चाचणी घ्यायची तर मोहीम तीन महिने पुढे जाणार. मग वनितानं तो आकडा वगळून अहवालावर सही केली. तसं कर म्हणून कोणी तिला सांगितलंही नव्हतं.

वाल्मीकनं तिचा फोन उचलून तिच्या हातात दिला.

तिनं साहेबांना फोन लावला आणि चूक आपली आहे, असं पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरले होते. मोहीम थांबवलीय, म्हणाली, आणि यादीतून माझं नाव बहुतेक जाईल. सात वर्षं घालवली होती तिनं त्या गोळ्यावर. लेक वाचली याचा वाल्मीकला इतका आनंद झाला, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं तिला पोटाशी धरलं आणि पोटभर रडू दिलं.

मग उठून त्यानं टीव्हीखालचा कागद काढला आणि पेन शोधू लागला.

"आता कशाला, बाबा? आता मला कोण नेतंय?"

"नेतील. आज न्हाय तर उद्या नेतील," वाल्मीक म्हणाला. "आता मला भ्या न्हाय वाटत. तू वीट काढलीस."

एकेक अक्षर जुळवत त्यानं सावकाश सही केली. तारखेची जागा तेवढी कोरी सोडली.