फोन कोणी केला?

फुओकची मोटारसायकल पोलिसांनी उचलून नेली आणि त्याच दिवशी होआनच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला.

थोआय न्हाव्याकडे त्याच्या बापाच्या श्राद्धाचं जेवण होतं. तेतचा, म्हणजे नव्या वर्षाचा सण तोंडावर आलेला, नारळाच्या बागांतली कामं उरकलेली, त्यामुळे माणसं भरपूर. दुपारी पंगत उठली तरी पुरुषमंडळी चटईवर तशीच बसून राहिली. तांदळाची दारू, भाजलेला सुका मासा आणि एकच पेला, या हातातून त्या हातात. "एक, दोन, तीन, यो!" अशा आरोळ्या कालव्यापलीकडे जात होत्या. मग मंडळी गाड्यांवर बसली आणि पुलापाशी वळली, तर समोर पोलीस. एकेकाला उतरवून तोंडाला नळी लावली. फुओकने फुंकलं तेव्हा यंत्राचा आकडा बघून पोलिसालाच हसू आलं म्हणतात. गाडी ठाण्यात गेली, फुओक चालत घरी.

त्याआधी एका लग्नातही असंच झालं होतं.

"पोलिसांना काय कुत्र्याचं नाक आहे?" दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टपरीवर फुओक गरजला. त्याची भाताची गिरणी होती आणि गिरणीच्या आवाजावर मात करता करता गळा कायमचा चढलेला. "आपण उठायला आणि ते उभे राहायला गाठ पडते कशी? कोणीतरी फोन करतंय. आपल्याच पंगतीला बसून, आपलंच खाऊन."

"पंगतीतला असता तर तोही पकडला गेला असता ना," थोआय म्हणाला.

"न पिणारा कसा पकडला जाईल?" फुओकने होआनकडे बघितलं आणि कॉफी ढवळत बसला.

होआनने मान खाली घातली. न पिणारा त्या पंगतीत एकच होता. त्याचा जावई.

क्वी शहरातला. लिफ्टची दुरुस्ती करायचा, कमी बोलायचा. होआनच्या लेकीशी, थामशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि सासुरवाडीला पहिल्यांदाच तेतसाठी आला होता, त्या लग्नाच्या आदल्याच दिवशी. पेला समोर आला की दोन्ही हातांनी पुढच्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "माफ करा काका, मला चालत नाही." चालत नाही म्हणजे काय? पोट बिघडतं? वैद्याने मनाई केलीय? काही सांगायचा नाही. दारू न पिणारा माणूस होआनने पाहिला नव्हता असं नाही, पण ते सगळे एकतर आजारी होते नाहीतर भिक्षू.

आणि एक गोष्ट होआनने टपरीवर सांगितली नव्हती. त्या दिवशी तो लघवीला म्हणून थोआयच्या घरामागे गेला, तेव्हा पाण्याच्या रांजणांपलीकडे क्वी फोनवर हळू आवाजात बोलत होता. "हो, अजून बसलेत... नाही, आत्ता नको. तासाभराने उठतील, तेव्हा." होआनची चाहूल लागताच त्याने फोन खिशात टाकला आणि उगीचच हसला.

तासाभराने मंडळी उठली आणि पुलावर पोलीस उभे.

होआनने बायकोजवळ विषय काढला. लियू केळीच्या पानात भात भरून बांधत होती.

"आपला जावई जरा गूढ वाटतो नाही?"

"कमी बोलतो, एवढंच. तुमच्या मित्रांपेक्षा बरा." तिने दोरी दातात धरून आवळली.

"गावात लोक काय म्हणतायत ठाऊक आहे?"

"लोकांना तेतमध्ये दुसरा उद्योग काय?" ती म्हणाली आणि पुढचं पान ओढलं.

त्यानंतर होआन क्वीच्या मागावरच राहिला. तो फोन घेऊन अंगणात गेला की हा फुलझाडांना पाणी घालायला निघायचा. क्वीने पुलावर चौकी रोज असते का असं विचारलं, तर होआनने उत्तर द्यायचं सोडून त्याच्या खिशातल्या फोनकडे पाहिलं. याला कशाला चौकशा? थाम नवऱ्याच्या ताटात अंडं वाढायची, त्याच्या कानाशी काही बोलून हसायची, आणि होआनला वाटायचं, हीसुद्धा सामील असेल का? पोटच्या पोरीबद्दल असं मनात आलं म्हणून तो स्वतःवरच चिडायचा. पण संशय आला की ताटातल्या मिठावरही येतो.

तेतच्या तिसऱ्या दिवशी पूर्वजांना निरोप द्यायचं जेवण होआनकडे होतं. सकाळी चटया अंथरताना त्याने क्वीला बाजूला घेतलं.

"कोणाला बोलू नकोस. आज पाहुण्यांना पुलावरून नाही, वीटभट्टीच्या वाटेने पाठवणार आहे. लांब पडतं, पण पोलिसांची कटकट नाही."

क्वीने हातातली चटई खाली ठेवली. "बाबा, गाडीवरून जायलाच हवं का त्यांनी? दुपारी झोपू देत ना इथेच."

'काढून घेतोय माझ्याकडून,' होआनने मनात म्हटलं. वरून म्हणाला, "बघू."

भट्टीच्या वाटेचं त्याने दुसऱ्या कोणालाच सांगितलं नाही. पोलीस तिकडे दिसले की झालं, चोर हातात सापडला. पुढे काय करायचं हे मात्र त्याने ठरवलं नव्हतं. जावयाला घराबाहेर काढायचं? थामचं काय?

पाहुणे आले. नारळाच्या पाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस, अंडी, कारल्याचं सूप, लोणच्यातले कांदे. फुओक बायकोची गुलाबी स्कूटर घेऊन आला, त्यावरून सगळ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पेला फिरू लागला. होआनने आपला घोट प्रत्येक वेळी हळूच कुंडीत ओतला. दोन बाटल्या रिकाम्या झाल्यावर क्वी फोन घेऊन उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. फुओकने होआनला कोपराने ढोसलं.

"बर्फ संपला, आणतो," असं म्हणून होआन सायकलवर बसला.

भट्टीच्या वाटेला तो घामाघूम होऊन पोहोचला. वाट मोकळी होती. बदकांचा एक थवा आणि बांधावर वाळत टाकलेली चादर, बाकी काही नाही. तो झाडाखाली थांबून राहिला. कोणी आलं नाही. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं, आणि लगेच पोरीच्या नवऱ्यावर पाळत ठेवल्याची लाज वाटली.

मग त्याने सायकल पुलाकडे वळवली. पुलाच्या पलीकडे, कलिंगडांच्या ढिगाआड, पोलीस खुर्च्या टाकून बसले होते. यंत्र टेबलावर तयार होतं.

म्हणजे फोन झाला होता. आणि करणाऱ्याला भट्टीच्या वाटेचं ठाऊक नव्हतं.

तो परतला तो स्वयंपाकघराच्या दाराने. लियू चुलीपाशी एकटीच होती. तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"बर्फ?"

"मिळाला नाही."

"पुलावर आहेत ना ते?"

होआन जागीच थिजला. पुलाकडे गेलो होतो हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

"तू?"

"मग काय." तिने झाऱ्याने फेस काढला. "लग्नाच्या वेळी मीच. थोआयकडच्या वेळीही मीच, तिथल्या चुलीपाशी बसून."

"अगं, वेडी झालीस का? आपलीच माणसं! कळलं तर गाव वाळीत टाकेल आपल्याला."

"आपली माणसं!" लियूने झारा खाली ठेवला. "गेल्या तेतला हान्ह फुलं विकून घरी येत होती. फुओकच्या गाडीखाली तिचा पाय गेला. तुम्ही सगळे एका सुरात म्हणालात, अंधार होता. दुपारी चार वाजता कसला हो अंधार? ती बाजारात माझ्या शेजारी बसते. कुबडी माझ्या टोपलीला टेकवून ठेवते. तुम्हाला कितीदा म्हटलं, पेला आवरा, माणसं गाड्यांवर जातायत. ऐकलंत? नाही ना. मग तुम्ही ज्यांचं ऐकता, त्यांना सांगितलं."

तेवढ्यात बाहेर ताटं उलटल्याचा आवाज झाला.

फुओकने क्वीची कॉलर धरली होती. थाम मध्ये पडून ओरडत होती. थोआयच्या पोराने दुकानात जाऊन येताना पुलावर पोलीस पाहिले होते, आणि ती बातमी चटईवर येऊन पोहोचली होती.

"मागच्या दारी जाऊन कोणाला लावलास? दाखव! दाखव फोन, जावईबापू!"

क्वीने मुकाट्याने फोन पुढे केला. फुओकने डोळे बारीक करून पाहिलं. एकाखाली एक, सगळीकडे एकच नाव. आई.

"आई? आईला रोज काय सांगतोस, किती बाटल्या झाल्या ते?"

"तिला तुम्हा सगळ्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत," क्वी म्हणाला. "रोज विचारते, सासरची मंडळी कधी मोकळी असतात. मी म्हणतो, थांब थोडं. आत्ता नको."

"का नको?"

क्वीने चटईवर नजर टाकली. लवंडलेला पेला, सांडलेली दारू, तोंड उघडं टाकून घोरणारा एक चुलतभाऊ. त्याने लवंडलेला पेला उचलून नीट ठेवला. होआनचे कान मात्र तापले. रांजणांपलीकडचं ते बोलणं त्याला आत्ता कळलं. पोरगा पोलिसांना काही कळवत नव्हता, आपल्या आईपासून यांची ही अवस्था लपवत होता.

"आईचं नाव घालून कोणाचाही नंबर ठेवता येतो," फुओक हटेना. "मग पोलिसांना फोन केला कोणी? सांगा ना!"

होआनने वळून पाहिलं. लियू दारात येऊन उभी होती, फडक्याला हात पुसत. ती आता तोंड उघडणार हे त्याला दिसलं.

"मी केला," होआन म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"तू?" फुओक हसला. "तुला तर फोनवर लेकीच्या लग्नाचा फोटोही उघडता येत नाही."

"बोलता येतं ना, तेवढं पुरे. लग्नात मी केला, थोआयकडे मी केला, आज मी केला. हान्हचा पाय गेला तेव्हा अंधार होता म्हणणाऱ्यांतही मी होतो. आता चाव्या इथे ठेवा. कालव्यावर माझी नाव आहे, तिच्यातून एकेकाला सोडतो. नाहीतर पुलावर जा आणि फुंका."

हान्हचं नाव त्या चटईवर वर्षभरात पहिल्यांदाच निघालं होतं. थोआयने चावी ताटाशेजारी ठेवली. मग दुसऱ्याने. फुओकने होआनकडे बघितलं, मग दारातल्या लियूकडे बघितलं, बराच वेळ. त्याला कळलं की नाही ते देव जाणे.

"तुझ्या नावेत मी मेलो तरी बसणार नाही," तो म्हणाला आणि गुलाबी स्कूटर हाताने ढकलत निघाला. पुलावरून तसाच ढकलत गेला. ढकलणाऱ्याला पोलीस तरी काय करणार? नुसते बघत राहिले.

क्वीने नाव चालवली आणि मंडळी घरोघरी उतरली. एकाने वाटेत ओकारी काढली, ती थामने मुकाट्याने धुतली. परतताना क्वी म्हणाला, "बाबा, तुम्ही नव्हता केला फोन."

"तुला काय ठाऊक?"

"थोआयकाकांकडे त्या वेळी तुम्ही रांजणांमागे उभे राहून माझं ऐकत होता."

होआनने पाण्यात हात बुडवला आणि तोंड धुतल्यासारखं केलं.

सण सरला. टपरीवर होआन गेला की बोलणी थांबायची आणि भाताच्या भावावर सुरू व्हायची. कुणाच्या घरी श्राद्ध असलं तर बोलावणं यायचं, पण उशिरा, आणि पेला त्याच्यापाशी आला की लोक त्याच्या हाताकडे नाही, खिशाकडे बघायचे. लियूला याचं वाईट वाटायचं. एकदा ती म्हणाली, "मी सांगून टाकू का खरं?"

"नको," होआन म्हणाला. "तुझ्यावर संशय नाही, तोवर तुझा फोन चालेल."