करंगळीवरची काच

हसू नका मित्रांनो, पण मी खोकल्याच्या औषधाच्या एका जुन्या बाटलीची मान आहे. नुसती मान! खालचं पोट, बूच, लेबल यांच्याशी माझा संबंध कधीच तुटला. बोटाएवढी लांब, आरपार पोकळ आणि रंगाने फिकट निळी अशी मी एक काचेची नळी. रस्त्यात पडलेली दिसले, तर कोणाच्या पायाला लागेल म्हणून तुम्ही मला कडेला सारून द्याल. पण करंगळीत घालून गिटारच्या तारांवरून फिरवलं, की मी गाते. वादक माझ्यासारख्या नळीला 'स्लाइड' म्हणतात. आमच्या घरात मात्र मला सगळे 'काच' म्हणत.

माझा जन्म एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाला. तिथला कंपाउंडर डॉक्टरांनी सांगितलेली औषधं ढवळून बाटल्यांत भरायचा. एका दुपारी पेशंट नव्हते. त्याने रिकाम्या बाटलीच्या मानेला रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळला, तो पेटवला आणि ज्योत विझता विझता बाटली गार पाण्यात बुडवली. टक्! क्षणात मी पोरकी झाले. माझ्या कडा इतक्या धारदार होत्या की विचारू नका. मग कित्येक दिवस, फावल्या वेळात, तो मला ओल्या दगडावर घासत बसे. मधूनच कडेवरून अंगठा फिरवी, रक्त आलं की अंगठा तोंडात घाली आणि पुन्हा घासायला लागे. डॉक्टरांनी एकदा डोकावून विचारलं, "काय हो, कोणासाठी चाललंय हे औषध?"

"माझ्याचसाठी," तो म्हणाला.

त्याचं असं झालं होतं, की त्याने रेडिओवर कोणाची तरी गिटार ऐकली होती. तिच्यातले सूर एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत नव्हते. ते घसरत होते, वळत होते, माणसाच्या गळ्यातून निघावेत तसे निघत होते. तेव्हापासून बिचाऱ्याला चैन नव्हतं.

गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. बोटाने तार दाबली की पडदा सूर सांभाळून घेतो. माझं तसं नाही. मला तारेवर नुसतं टेकवायचं असतं, दाबायचं नसतं. बरोबर पडद्याच्या वर जाऊन थांबायचं, केसभर अलीकडे राहिलं तरी सूर रडका लागतो. कुठे थांबायचं ते कानालाच कळावं लागतं. शिवाय तारा उंच हव्यात, नाहीतर मी पडद्यांवर आपटते आणि खडखडते. कंपाउंडरने त्यावर साधी युक्ती काढली. औषध ढवळायच्या काचेच्या कांडीचा मोडका तुकडा त्याने घरी आणलेल्या जुन्या गिटारच्या माथ्याशी, तारांखाली सरकवून दिला. तारा उचलल्या गेल्या आणि मला मोकळी वाट मिळाली.

सुरुवातीचे दिवस मात्र आठवू नयेत असे होते. त्याची बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, मांजर पाळलंय हे सांगायचं तरी! वाटीभर दूध ठेवलं असतं." तो कानकोंडा व्हायचा, पण थांबायचा नाही. आणि मग एके दिवशी केर काढता काढता ती दारात उभी राहिली. झाडू तसाच हातात. "मघाचं ते परत वाजवा ना," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की बाटलीपासून तुटले ते बरंच झालं.

पुढे दर रविवारी घरात बैठक जमू लागली. बस डेपोतला फिटर यायचा, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई यायच्या. मी एकीच्या बोटातून दुसऱ्याच्या बोटात जायचे. रेडिओवरचा कोणता वादक मोठा यावर त्यांचे वाद रंगायचे आणि चहा गार व्हायचा. मला कोणी विचारत नव्हतं. पण मित्रांनो, हाताची पारख माझ्याइतकी कोणाला असणार? मी तर बोटातच बसलेली!

फिटरचा हात पाहून वाटायचं, हा तारा तोडणार. पण त्याची खुबी त्याच्या रिकाम्या बोटांत होती. मी तारेवरून पुढे गेले की माझ्यामागचा तारेचा भाग उगीचच गुणगुणत राहतो. फिटर तिथे आपली बोटं हलकेच टेकवून ती कटकट बंद करायचा. "वाजवेल कोणीही. गप्प करायला अक्कल लागते," असं तो म्हणायचा, आणि स्वतः मात्र अखंड बडबडायचा. बाईंचं वेगळंच होतं. सूर लागला की त्यांचं मनगट किंचित थरथरायचं, जेमतेम. तेवढ्याने तो सूर जिवंत व्हायचा. हा थरथराट शिकवता येत नाही, असं माझं मत आहे. ज्याला येतो त्याला येतो.

आणि आमचा कंपाउंडर? त्याला वेग नव्हता, मनगटाची जादू नव्हती. पण तो खालून निघायचा, सावकाश वर यायचा आणि सुराच्या जरासा अलीकडे थांबायचा. सगळी खोली पुढे झुकायची. आता पोहोचेल, मग पोहोचेल... आणि मग तो पोहोचायचा. फिटरने एकदा त्याला छेडलं, "एवढा वेळ काय करता हो तिथे?"

"दुसऱ्याच्या घरी जातो तेव्हा कडी वाजवून थांबतोच ना आपण?" कंपाउंडर म्हणाला. "सुराच्या घरी तरी धाडकन कसं घुसायचं?"

दिवस काही कोणासाठी थांबत नाहीत. फिटरची बदली झाली. बाई निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्या. दवाखाना बंद झाला. कंपाउंडर म्हणायचा, "एकट्याने काय वाजवायचं?" गिटार भिंतीवर गेली आणि मी शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनी आणि तुटक्या बटणांच्या संगतीत. बटणं स्वभावाने चांगली असतात, पण त्यांना सुरातलं काही कळत नाही.

मग एका सकाळी कंपाउंडरचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. खणात मला दोघांपैकी फक्त बायकोचा आवाज ऐकू येई. ती विचारायची आणि तीच उत्तर द्यायची. डॉक्टर म्हणाले होते, "बोलत राहा, ओळखीचं काही ऐकवत राहा." त्याची मुलगी छापखान्यात प्रुफं तपासायची. कामावरून आली की ती त्याच्याजवळ बसून पेपर वाचायची, रेडिओ लावायची. तो खिडकीकडे बघत राहायचा. बाबा आत आहेत की नाहीत, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला.

एके दिवशी तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. धूळ पुसून तिने गिटार पिशवीत घातली, मला खणातून शोधून बरोबर घेतलं आणि दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुरुस्तीवाला मनापासून काम करणारा होता. त्याने गिटार लख्ख पुसली, नव्या तारा चढवल्या आणि अभिमानाने म्हणाला, "ताई, तारांखाली काचेचा तुकडा अडकला होता, तो टाकून दिला. आता बघा, लोण्यासारखी दाबली जाते तार!" तिनेही त्याचे तोंडभर आभार मानले. मी पिशवीत तळमळत होते. पण नळीला तोंडं दोन असली तरी आवाज एकही नसतो.

मुलीने घरी सराव सुरू केला. प्रुफं तपासणारी ती, एकही चूक राहू द्यायची नाही हा तिचा स्वभाव. मी खडखडले की तिला वाटे आपलाच हात चुकतोय. मग ती मला आणखी जोरात दाबे आणि मी आणखी आपटे. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी ती धीर करून बाबांच्या खुर्चीसमोर बसली आणि त्यांची नेहमीची धून वाजवू लागली. खट्. खर्रर्र. खट्. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मित्रांनो, त्याच्या कपाळावर आठी पडली! इतक्या महिन्यांत त्या चेहऱ्यावर काही उमटलंच नव्हतं. मुलगी थांबली. "बाबा, काय होतंय? दुखतंय का कुठे?" त्याचा डावा हात उचलला गेला, गिटारच्या माथ्याशी गेला आणि तिथे बोट आपटू लागला. ओठ वाकडे होत होते. "कां... कां..." मुलगी पुढे झुकली. "कां...डी," तो म्हणाला. चक्क रागावून.

बायको ओल्या हातांनी धावत आली. "काय म्हणाले गं?"

"कांडी म्हणाले, आई! त्या माणसाने तारांखालची कांडी काढून टाकली ना, ते कळलं बाबांना!"

"बघा!" बायको हसत होती आणि डोळेही पुसत होती. "मी इतके महिने घसा फोडतेय, आणि पहिला शब्द काय, तर कांडी! माझं नाव घ्यायला काय झालं होतं हो?" कंपाउंडरचा अर्धा ओठ हसला. मुलीने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि पोटभर रडून घेतलं.

घरात काचेची कांडी कुठून असणार? तिने आपली पेन्सिल मोडून तिचा तुकडा तारांखाली सरकवला. तारा उचलल्या गेल्या. ती पुन्हा वाजवणार, तोच त्याने डाव्या हाताचा पंजा तिच्यासमोर पसरला. तिने मला आपल्या बोटातून काढून त्याच्या करंगळीत घातलं. करंगळी किती वाळली होती! मी सैल झाले होते, त्याने बोट जरा वाकवून मला धरून ठेवलं. पण उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. "तार छेडणार कोण?" मुलगी पुटपुटली.

"तू नाहीस का?" आई म्हणाली.

तिने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली, उजव्या बाजूला त्याला चिकटून बसली आणि तार छेडली. तो मला घेऊन खालून निघाला. सावकाश वर आला आणि सुराच्या अलीकडे थांबला. आवाज विरत चालला. एरवी चूक दिसली की लगेच खूण करणारी ती, त्याच्याकडे बघत थांबून राहिली. त्याने मान हलवली, तिने पुन्हा तार छेडली आणि तो मला त्या शेवटच्या केसभर अंतरावरून पुढे घेऊन गेला.

माझे सर्वांत लाडके वादक कोण, असं मला कोणी विचारलं, तर मी या दोघांकडे बोट दाखवीन. एकाचा डावा हात, दुसरीचा उजवा.

कंपाउंडरचे काही शब्द पुढे परत आले, काही आलेच नाहीत. मी काच आहे, आज ना उद्या फुटेन, तेव्हा मला जपा असं मी म्हणत नाही. मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात कोणाचा एक हात थकला, तर त्याचं वाद्य भिंतीला टांगू नका. शेजारी बसा, आपला हात पुढे करा. आणि मित्रांनो, तो सुराच्या अलीकडे थांबलेला दिसला, तर त्याच्या वतीने घाईने सूर लावून मोकळे होऊ नका. तो येतो आहे.