सुजीतचं नाक

चौतिसाव्या मजल्यावरच्या त्या रेस्टॉरंटमध्ये सुजीत सू-शेफ होता, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखाल त्याचाच शब्द चालायचा. काचेपलीकडे समुद्र, मिठायांवर खऱ्या सोन्याचा वर्ख, शेजारच्या लाउंजमध्ये रोज संध्याकाळी डीजे. दुबईत नवीन आलेले पाहुणे जेवणाआधी ताटाचे फोटो काढत बसायचे, आणि आत किचनमध्ये सगळे म्हणायचे, शंका असेल तर सुजीतच्या नाकाला विचारा. केशर अस्सल आहे का, तूप किती दिवसांचं आहे, हे तो डबा उघडताच सांगायचा.

फेब्रुवारीत तीन दिवस ताप आला. ताप उतरला, पण वास गेला. कॉफीचा नाही, लसणाचा नाही, कशाचाच नाही. जिभेला खारट-आंबट-तिखट कळायचं, बाकी सगळं पुठ्ठ्यासारखं. आठवड्याभरात येईल परत, असं म्हणता म्हणता जून उजाडला. त्याने कोणालाच सांगितलं नाही. बायकोला, अनुराधालाही नाही. शेफला वास येत नाही हे कळलं तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर व्हिसा, अल मजाजमधला फ्लॅट, लेकीची, ओवीची शाळा. तो प्रत्येक मसाला ग्रॅममध्ये मोजून टाकू लागला आणि चव बघायला काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याला बोलवू लागला.

त्या शनिवारी दुपारी एक वाजता साखरपुड्याची पार्टी होती. बेचाळीस पाहुणे, त्यात नवरीची गरोदर बहीण आणि ऐंशीच्या पुढच्या दोन आज्या. साडेअकराला इनाया कोळंबीचा ट्रे घेऊन आली. इनाया हैदराबादची, सहा वर्षं त्याच्यासोबत काम करणारी, कामात अतिशय नीटनेटकी.

"शेफ, एक बार देखिए ना. मालाची गाडी रस्त्यात बंद पडली होती म्हणे. कागदावर टेंपरेचर ठीक लिहिलंय, पण मला काहीतरी वाटतंय. माझं नाक कालपासून चोंदलंय, म्हणून खात्री नाही."

बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. सुजीतने ट्रेवर वाकून खोल श्वास घेतला. कोळंबी दिसायला गुलाबी, चमकदार. वास? काच हुंगावी तसं.

"मुझे स्मेल नहीं आ रही," त्याच्या तोंडून निघून गेलं.

इनायाचा चेहरा खुलला. "थँक गॉड! तो डाल दूँ, शेफ?"

तिने ट्रे उचलला आणि ती शेगडीकडे वळलीसुद्धा. चार पावलं. सुजीतला कळलं की आता गप्प बसलं तरी चालेल. खोटं बोलायचीही गरज नाही. कोळंबी चांगली असेलही. कढईतलं तेल तापलं होतं.

"इनाया, रुक!"

ती दचकून थांबली.

"कोळंबीला वास नाही असं नाही म्हटलं मी. मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून. कशाचाच."

भाज्या चिरणारे हात थांबले. सुजीतने स्वतःच जाऊन मुख्य शेफ फहदला बोलावून आणलं. फहद जॉर्डनचा, आवाजाने अख्खं किचन हलवणारा. त्याने एक कोळंबी मोडून नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"अमोनिया. खलास, सगळी फेकून द्या." मग सुजीतकडे बघून हळू म्हणाला, "यल्ला, चला, आधी लंच. तुझ्याशी नंतर बोलतो."

दीड तासात मेन्यू बदलायचा होता. सुजीतने कोळंबीऐवजी हामूर मासा घेतला, कैरी आणि टोमॅटोचा सॉस ठरवला. प्रत्येक टप्प्यावर तो फहदला उघडपणे विचारत होता, "कांदा किती भाजलाय? करपट वास येतोय का?" चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला कसलं निमित्त काढावं लागत नव्हतं. सव्वादोनला वेटर सांगत आला, एक आजी मासा पुन्हा मागतायत.

तीन वाजता फहदने त्याला केबिनमध्ये बसवलं. सुजीतने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं.

"चार महिने तू मला अंधारात ठेवलंस," फहद इंग्रजीत म्हणाला. "त्याची लेखी वॉर्निंग मिळेल. आज गप्प बसला असतास, तर आत्ता तुला गेटपर्यंत सोडायला आलो असतो."

"म्हणजे… नोकरी?"

"मासा कोणी शिजवला? मीठ, आच, वेळ, सगळं तुला कळतं. हुंगायला किचनमध्ये बारा नाकं आहेत. माल तपासून सही इनाया करेल. तू दोन आठवडे सुट्टी घे आणि डॉक्टर गाठ. माझ्या भावाचाही असाच गेला होता, आठ महिन्यांनी परत आला. तुलाही येईल, इन्शाल्ला. नाही आला, तर तेव्हा बघू."

सुजीत बाहेर आला आणि स्टाफच्या जिन्यात पायरीवर बसला. त्याने अनुराधाला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.



"सुजीत, तू वेडा आहेस का? मला सांगायचं नाही का?" अनुराधा रडायलाच लागली. "मला वाटायचं, तुझ्या मनातून मी उतरलेय. घरी आलास की पानात बघून गप्प जेवायचास. पूर्वी कशी प्रत्येक भाजीला नावं ठेवायचास!"

"अगं, नावं ठेवायला कळायला तर हवं होतं!"

ती रडता रडता हसली. "सोमवारची ईएनटीची अपॉइंटमेंट घेते. आणि घरी ये लवकर."

संध्याकाळी ऊन असतानाच तो घरी पोचला. अनुराधाने आमटीला फोडणी दिली होती. पानावर बसल्यावर त्याने दहा वर्षांच्या ओवीला विचारलं, "ओवी, आमटीचा वास कसा येतोय? नीट सांग हं."

ओवीने वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले. "उम्म… गार्लिक. कढीपत्ता. अँड समथिंग लिटल बिट बर्न्ट."

"काही करपलेलं नाहीये!" अनुराधा म्हणाली.

"आई, इट इज!"

दोघींची जुंपली. सुजीतने भातावर आमटी ओतून घेतली आणि पोटभर जेवला.