लिंबाखालची प्लेट

मी संशयी आहे, बायकोही तेच म्हणते. पण प्रयोगशाळेत संशय घ्यायचा नाही तर काय आरती ओवाळायची?

भूकंपाला चार महिने झाले होते. लातूरच्या आमच्या कॉलेजात बीएस्सीला एक प्रयोग असायचा. काचेच्या प्लेटमधल्या जिवाणूंवर अतिनील दिवा धरायचा. त्यांचा डीएनए मोडतो, बहुतेक मरतात. प्लेट लगेच बंद कपाटात ठेवायची. वाचलेल्यांचे दुसऱ्या दिवशी ठिपके दिसतात, ते मोजायचे. सगळ्यांच्या प्लेटवर पाच-सात ठिपके, अन् सुकन्याच्या प्लेटवर दोनशे!

"दिव्याखाली धरलीच नाहीस ना?"

"धरली सर. आईशपथ."

आईशपथ म्हणे! पोरगी किल्लारीकडची, स्लॅबखाली थांबायला घाबरायची. दिव्याचं काम उरकलं की प्लेट घेऊन अर्धा तास बाहेर लिंबाखाली बसायची, नावं-नंबर तिथंच लिहायची. तिथं प्लेट बदलायला कितीसा वेळ लागतो? जर्नलवर माझी सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं. मी सही करणार नव्हतो.

"उद्या माझ्यासमोर कर. दार लावून."

तिनं केलं. घामाघूम झाली, सारखी छताकडे बघत होती, पण केलं. प्लेट मी लगेच कपाटात ठेवून कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी सहा ठिपके.

"सापडलीस!" मी म्हणालो. खरं सांगतो, लई बरं वाटलं. ती दप्तर उचलून निघून गेली.

संध्याकाळी क्लासमध्ये ऐंशी पोरांना नोट्स सांगत होतो. दरवर्षीचंच वाक्य: "मोडलेला डीएनए जिवाणू दुरुस्त करतात. त्यांच्या एका एन्झाइमला त्यासाठी साधा उजेड लागतो." अन् मला लिंबाखालची प्लेट आठवली. दहा वर्षं हे लिहून देत होतो, डोळ्यानं कधी बघितलं नव्हतं.

सकाळी स्वतः दोन प्लेटा केल्या. एक लगेच कपाटात, एक आधी अर्धा तास लिंबाखाली. लिंबाखालची दुसऱ्या दिवशी ठिपक्यांनी भरली. शरमेनं कान तापले. सुकन्याला बोलावलं, जर्नलवर सही केली.

"अगं, उजेडाचं तुझ्या वहीतच असेल. बोलली का नाहीस?"

"हाय की सर वहीत. तुम्हीच सांगितलेलं."

"मग?"

ती खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला समदं ठाऊक हाय. ठाऊक असूनच मला परीक्षेला बसू द्यायचं न्हाई."

तिनं जर्नल घेतलं, माझ्यासमोरच उघडलं आणि सही नीट तपासून बघितली.