शैलाची नाडी

माझ्या धाकट्या बहिणीची, शैलाची, नाडी रविवारी सकाळपासून माझ्या मनगटात लागू लागली. तिच्या स्वतःच्या मनगटात काहीच लागत नव्हतं. ती मात्र हॉस्पिटलच्या कॉटवर उशीला टेकून बसली होती आणि खिडकी लावा, ऊन डोळ्यांवर येतंय, म्हणत होती.

डॉक्टर नाबरांनी तिचा हात खाली ठेवला. "पेशंटचं जवळचं कोण?"

तिचा नवरा रमाकांत बाही सारत पुढे झाला. डॉक्टरांनी त्याचं मनगट बराच वेळ धरून ठेवलं. "ह्यांच्यात फक्त ह्यांचीच आहे," ते म्हणाले.

"नीट बघा ना." रमाकांतने दुसरा हात दिला. मग मान वर करून गळा पुढे केला.

माझ्या मनगटात त्यांना दोन सापडल्या. एक माझी, आणि तिच्या मागून धापा टाकत येणारी दुसरी. रमाकांत कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला आणि बाहीचं बटण लावत राहिला. ते लागेना.

तेव्हापासून औषधं मला देऊ लागले. सुई माझ्या दंडात टोचली की शैला "आई गं" म्हणायची. कडू गोळी मी चघळली की तिचा ताप उतरायचा. तिच्या गालांवर रंग आला. एका दुपारी तिने तळलेला बांगडा मागितला आणि अख्खा संपवला. वॉर्डातले लोक मला बघायला आले. पलीकडच्या कॉटवर ज्यांची बायको होती त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली, मग स्वतःच्या मनगटावर ठेवली, आणि परत गेले.

"औषध तुमच्या भरवशावर चालतं," डॉक्टर मला म्हणाले. "ती बरी होणार असं वाटत राहिलं पाहिजे. रडू नका. लांब जाऊ नका."

मी तोंड धुवायला गेले तेवढ्यात तिचे ओठ निळे पडले. म्हणून त्यांनी माझा हात बँडेजने तिच्या कॉटच्या दांडीला बांधला. माझा डोळा लागला की ती घुसमटायची. म्हणून मला जागं ठेवायचं काम रमाकांतला दिलं. ते तो मनापासून करायचा. तोंडावर पाणी मारताना दर वेळी म्हणायचा, "माफ करा, ताई."

पुढे दुखणं औषधाला दाद देईनासं झालं. नाडी तेवढी चालू राहिली. शैला वाळत गेली. कूस बदलली तरी किंचाळायची.

"ताई, सोड ना मला."

"मी कुठे धरलंय गं?"

"तूच धरलंयस."

मी प्रयत्न केला. डोळे मिटून मी तिला मनातल्या मनात तिरडीवर ठेवलं. तोंडात तुळशीचं पान घातलं. तिने ते थुंकलं आणि आज कालवण कसलं आहे, असं विचारलं. मला हसू फुटलं. मनगटातली नाडी एकदम ठणठणीत झाली. शैलाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुला नाही जमायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिची छाती हलायची थांबली. जबडा खाली आला. पापणीवर माशी बसली, ती तिने उडवली नाही. रमाकांतने हंबरडा फोडला.

डॉक्टर नाबर आले. त्यांनी माझं मनगट धरलं. "छान चाललीय."

"अहो, ती गेली."

"तुम्हाला तसं वाटतंय?"

मी मोकळ्या हाताची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. बोटांखाली तिची नाडी पूर्वीपेक्षा सावकाश आणि स्वच्छ चालली होती.

"पेशंट स्थिर आहे," ते नर्सला म्हणाले. "जेवण द्या."

नर्सने शैलाला उचलून बसवलं. हनुवटी वर केली, गळ्याशी टॉवेल खोचला. पेजेचा चमचा तिच्या गार ओठांशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गिळा," ती म्हणाली.

मी गिळलं.